निम्मं पाणी

सोळावा थेंब पडला आणि परीक्षानळीतलं पिवळं पाणी विटकरी झालं. झालं ते झालंच. नळी हलवली, उन्हात धरली, पुन्हा हलवली, तरी रंग काही मागे फिरेना. सोळा. तीस पाहिजेत... तीसच पाहिजेत, कारण अकरा दिवसांपूर्वी बहिणीकडे जायला निघताना, गाडी फाटकाशी उभी असताना आणि बायको त्याची पिशवी हातात घेऊन निरोपाला ताटकळत असताना, त्याने याच पायरीवर बसून याच ड्रॉपरने मोजले होते आणि वहीत लिहिले होते. बायको तेव्हा म्हणाली होती, बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आज आहे, माशांचं नाही. तरी त्याने मोजले होते. तीस.

त्याने नळी विसळली आणि तळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातून पाणी घेतलं. सोळा. मग बाटली काठीला बांधून तळातून घेतलं. सोळा. तीन जागा, तीन नमुने, एक आकडा; एकतीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला याच्यापुढे कोणाला काही विचारावं लागत नाही. नमुना खोटं बोलत नाही, नमुना आणणारा बोलतो, असं तो नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचा. पोरं पाठीमागे त्याला नापासराव म्हणायची, तेही त्याला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

तळं दहा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल. नऊ हजार लिटर. उन्हाळ्याच्या तोंडावर दोन माशांच्या अंगावर फोड दिसले म्हणून त्याने त्यात सत्तावीस किलो मीठ विरघळवलं होतं, हजाराला तीन, आणि पाण्यात जितकं मीठ तितके रंग फिरवायला रसायनाचे थेंब. नळाच्या पाण्यात मुळातच थोडं मीठ असतं, त्याला दोन थेंब लागतात. म्हणजे एखाद्या अर्धवटाने तिसातून चौदा गेले असा हिशेब केला असता आणि तो चुकला असता. नवं पाणी आपले दोन थेंब बरोबर घेऊन येतं, तेव्हा तळ्याचं सगळं पाणी बदललं तरी अठ्ठावीसच थेंब कमी होणार. अठ्ठावीसातून चौदा गेले. बरोबर निम्मं.

कोणीतरी तळ्यातलं निम्मं पाणी काढून टाकलं होतं आणि त्या जागी नवं भरून ठेवलं होतं. आणि भरलंही कसं, तर काठाशी त्याने रंगाने ओढलेल्या रेघेपर्यंत, ना बोटभर वर, ना बोटभर खाली. नुसतं बघणाऱ्याला काही कळू नये असं.

"चहा." बायको पायरीवर कप ठेवून उभी राहिली. उभीच राहिली, एरवी ती ठेवून जाते.

"तळ्यात पाणी सोडलं होतंस का?"

"सोडलं असेल थोडं. ऊन काय कमी होतं? दोन बोटं आटलं होतं, मग नळी लावली जरा वेळ."

"जरा वेळ म्हणजे किती?"

"आता घड्याळ लावून बसू का मी तळ्यापाशी?" ती म्हणाली, आणि मग, "चहा गार होतोय."

अडतीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेली बाई, आणि तिला एवढं माहीत नसावं? पाणी उडतं, मीठ उडत नाही. दोन बोटं आटलं असतं तर मीठ तेवढंच राहून थेंब तिसाचे एकतीस झाले असते, वर पाणी घातल्यावर पुन्हा तीस. सोळा व्हायला पाणी मीठ घेऊन बाहेर जावं लागतं. काठावरून वाहून गेलं म्हणावं, तर काठाच्या फुलझाडांची मुळं खारट पाण्याने एव्हाना जळून गेली असती, आणि झाडं तर टवटवीत होती. राहिला खालचा व्हॉल्व्ह. तो उन्हाने उघडत नाही.

त्याने चहा प्यायला. साखर बरोबर होती. सगळं बरोबर होतं, म्हणूनच कुठेतरी पाणी मुरत होतं.

तळ्यामागे लोखंडी झाकण आहे, त्याच्याखाली व्हॉल्व्ह. झाकणाच्या कडेला एक पोचा पडलेला आहे. तो पोचा नेहमी भिंतीच्या बाजूला येतो, कारण तो तसा ठेवतो. आज पोचा तळ्याच्या बाजूला होता. व्हॉल्व्हच्या मानेवर गंजाचा पापुद्रा निघून पितळ चमकत होतं, एका जागी नाही, तीन-चार जागी, पाना घसरून घसरून पुन्हा लावल्यासारखं. सवयीच्या हाताने पाना असा घसरत नाही. सामानाच्या खोलीत पाना खिळ्यावर होता, पण त्याचं तोंड उजवीकडे होतं. मी तो डावीकडे तोंड करून टांगतो. गेली चौदा वर्षं डावीकडे.

हे सगळं तो कोणाला सांगणार होता? सांगितलं असतं तर सून खाली मान घालून हसली असती आणि मुलगा म्हणाला असता, अण्णा, पान्याला तोंड असतं हे तुमच्यामुळे कळलं. हसण्यावारी न्यायची या घराला सवयच आहे. पण सवय एक आणि लपवाछपवी वेगळी.

कारण संशय यायला कारण होतं. चार महिन्यांपूर्वी, नात एकटीच बागेत पळायला लागली तेव्हा, मुलगा जाळीचं भेंडोळं घेऊन आला. तळ्यावर घालू म्हणाला. त्याने साफ नाही म्हटलं. जाळी घातली की तळ्याचं खुराडं होतं, तो म्हणाला होता; आणि पोरांवर माणसांनी लक्ष ठेवायचं असतं, जाळ्यांनी नाही. भेंडोळं अजून पाण्याच्या टाकीमागे प्लास्टिकसकट पडलेलं आहे. त्यानंतर महिनाभराने जेवताना सून सहज म्हणून गेली, की तळं बुजवलं तर तिथे गाडी सावलीत उभी राहील. सहज! माणसं सहज म्हणून जे बोलतात ते आठ दिवस घोळवलेलं असतं. मग आपण अकरा दिवस घराबाहेर पडतो आणि परत येऊन पाहतो तर तळ्याचा व्हॉल्व्ह उघडलेला... दोन आणि दोन चार होत होते.

होत होते, पण पुरते होत नव्हते. बुजवायचं तर सगळं रिकामं करावं लागतं. धुवायचं तरी सगळं रिकामं करावं लागतं. ज्याला नुसतं भरायचं आहे तो काढत नाही, आणि ज्याला काढायचं आहे तो निम्म्यावर थांबत नाही. निम्मं हे कोणत्याच कामाचं माप नव्हतं. आणि मासे? त्याने खाद्य टाकून मोजले. नऊ. नऊच्या नऊ. साहेबसुद्धा, म्हणजे तो कपाळावर काळा डाग असलेला म्हातारा, जो एरवी हातातून खायचा, तो आज सर्वांत शेवटी आला आणि दोन दाणे घेऊन खाली गेला. मासे बिचकलेले होते. त्यांच्यात कोणीतरी उतरलेलं होतं.

मुलगा ऑफिसला निघताना त्याच पायरीवर बसून बूट घालू लागला. बूट नवे होते.

"नवे घेतलेस?"

"हो. जुने फाटले."

"दिवाणखान्यातून बागेत यायच्या दाराला वर कडी लावलीये. तूच लावलीस?"

"वाऱ्याने आपटतं ते दार, अण्णा." मुलाने नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "आत्या कशी आहे?"

"दिसायला लागलंय तिला आता स्वच्छ," तो म्हणाला, आणि मुलाकडे पाहत राहिला. मुलाने वर पाहिलं नाही.

दार आपटतं म्हणून कडी. ठीक. पण आपटणाऱ्या दाराला कडी हाताच्या उंचीवर लावतात, टाचा उंचावून काढावी लागेल अशी डोक्यावर नाही. आणि जुने बूट मार्चमध्ये घेतलेले, माझ्यासमोर घेतलेले, ते जूनच्या आत फाटतात? त्याला एकदम आपल्या जुन्या टेबलाशी बसल्यासारखं वाटलं. समोर बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर कोणाची तरी सही... आणि एकाही चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही, यासाठीच पगार. घरी आल्यावर ते टेबल मागे ठेवून यायचं असतं, असं बायको पूर्वी म्हणायची. तुमच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायचा म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, हेही तीच म्हणायची, आणि पाहुणे हसायचे. हल्ली ती असं म्हणत नाही. कधीपासून म्हणत नाही ते त्याला आठवेना.

अकराच्या सुमारास शेजारचा कंपाउंडर भिंतीवरून डोकावला. औषधांच्या दुकानात जन्म घालवलेला हा माणूस, निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या आवारातच त्याचं निम्मं लक्ष असतं. त्याच्याकडे काही विचारायचं नसतं. नुसतं उभं राहायचं असतं.

"झाली का तळ्याची साफसफाई?" कंपाउंडरने विचारलं.

"चाललीय," तो जपून म्हणाला.

"नाही, म्हटलं, मुलाला घाई कसली एवढी. मागच्या बुधवारी... की गुरुवारी? चार-साडेचार झाले असतील. मी गच्चीवर होतो, दोघं नुकतीच कामावरून आलेली. बघतो तर चिरंजीव ऑफिसच्या कपड्यांत, बुटांसकट तळ्यात! छातीपर्यंत पाण्यात. वाकतोय, हात घालतोय, डुबकी मारतोय, वर येतोय, परत वाकतोय. आणि सूनबाई तिकडे मागे झाकणापाशी ओणवी. मी हाक मारली, म्हटलं, काय हरवलं काय हो? तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि बघता बघता पाणी आपलं खाली चाललेलं."

"मग?"

"मग मी खाली उतरेपर्यंत सगळी आत गेली होती. सामसूम." कंपाउंडर जरा ओशाळला. "सापडलं ना पण? जे काय होतं ते?"

"सापडलं," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बहुतेक परक्यासमोर आपल्या घरात काय हरवलं हे आपल्यालाच माहीत नाही, हे दिसू नये म्हणून.

तर शोधत होते. काहीतरी शोधत होते, आणि ते सापडल्यावर थांबले, म्हणून निम्मं. एवढा एक दोर हातात आला आणि त्याला चक्क बरं वाटलं, गणित सुटल्यासारखं. पण काय शोधत होते? अंगठी? सुनेच्या बोटातली अंगठी त्याने सकाळीच पाहिली होती, आणि अंगठीसाठी माणूस बूट काढून उतरतो. किल्ली, फोन, चष्मा... कशासाठीही माणूस बूट काढतो. दोन क्षण लागतात बूट काढायला. ज्याला दोन क्षणही परवडत नव्हते असं काय होतं त्या तळ्यात? माझ्या तळ्यात, जिथला खडा न् खडा मला माहीत आहे, तिथे मला न कळवता यांनी काय टाकलं होतं?

"भिंगरी!" आतून सुनेची हाक आली.

"ओ!" नातीने कुठूनतरी उत्तर दिलं.

आणि त्याच्या लक्षात आलं, की सकाळपासून ही हाक आठव्यांदा की नवव्यांदा येत होती. कधी सून, कधी बायको. काम काही नाही. नुसतं भिंगरी, आणि नुसतं ओ. या घरात आपण नव्हतो तेवढ्यात हाका मारायची ही एक नवी रीत सुरू झाली होती, आणि पोरीलाही ती अंगवळणी पडली होती. ती खेळता खेळता, वर न पाहता, ओ देत होती.

तरी मला कळलं नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे. कडी डोक्यावर, बूट नवे, हाका, निम्मं पाणी, सगळे आकडे समोर मांडलेले, आणि मी अंगठ्या मोजत बसलो होतो.

दुपारी जेवण झाल्यावर सून कामावर गेली. बायको पूर्वी या वेळी आडवी व्हायची; आज ती दिवाणखान्यात, बागेच्या दाराला पाठ लावून, ताठ पाठीच्या लाकडी खुर्चीत बसली होती. डोळे लाल. हातात विणकाम होतं आणि सुया हलत नव्हत्या.

"पड जरा."

"नको. झोप नाही येत मला हल्ली दुपारची."

"एवढी झोप कुठे गेली? तू तर बसल्या बसल्या घोरायचीस."

हे त्याने थट्टेने म्हटलं होतं. तिने सुया खाली ठेवल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तो आतल्या खोलीत गेला. भिंगरी कपाटासमोर फतकल मारून बसली होती. कपाटाचा खालचा कप्पा उघडा होता आणि त्यात जाड पांघरुणं ठासून भरलेली होती. इतकी, की दार लागत नव्हतं. ही पांघरुणं माळ्यावर असतात. भर उन्हाळ्यात माळ्यावरून पांघरुणं कोणी आणि कशाला काढली, असा प्रश्न त्याच्या मनात आलाच, कारण त्याच्या मनात प्रश्न येतातच.

"काय बघतेस?"

"माझं घर." तिने पांघरुणांवर बोट ठेवलं. "आता यांचं आहे."

"तुझं घर इथे होतं होय? काय करायचीस तू तिथे?"

"झोपायची. दार लावून." तिने एका पांघरुणाचं टोक ओढून पाहिलं, ते निघालं नाही. "आबा, बाबा रडला."

"कधी गं?"

"मी झोपले ना, तेव्हा. मग बाबानं मला बाहेर ओढलं. बाबा सगळा ओला. माझा फ्रॉकपण ओला केला. घट्ट धरलं, अस्सं." तिने स्वतःलाच कवटाळून दाखवलं. "आई म्हणाली, सापडली, सापडली. आजी खाली बसली. उठतच नव्हती. मी म्हटलं, आजी ऊठ ना."

तो पलंगाच्या कडेला बसला. भिंगरी त्याच्या गुडघ्यावर रेलून पुढचं काहीतरी सांगत होती, बाहुलीचं, आणि तो मान हलवत होता.

बावीस मिनिटं. हा आकडा आधी आला; बाकी सगळं नंतर. पूर्ण तळं रिकामं व्हायला सव्वा तास लागतो, पण सुरुवातीला वरच्या पाण्याचा दाब असतो, म्हणून पहिलं निम्मं लवकर जातं — बावीस मिनिटांत. त्याने दर वर्षी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. उन्हाळ्यात पाणी शेवाळाने हिरवं होतं, वीतभर खालचं दिसत नाही. बावीस मिनिटं माझा मुलगा त्या हिरव्या पाण्यात हातांनी तळ चाचपत होता... पहिलं मिनिट, दुसरं, पाचवं, दहावं. दहाव्यानंतर माणूस काय शोधत असतो हे त्याला कळत असतं. तरी तो शोधत होता. सून पाना घसरत असताना व्हॉल्व्ह फिरवत होती, पाणी इंचाइंचाने उतरत होतं आणि ती दोघं त्या उतरत्या पाण्याकडे, म्हणजे काही वर येतंय का इकडे... आणि पोरगी इथे, कपाटात, दार लावून झोपलेली. पाण्याचा थेंब तिला लागला नव्हता. नुसता बापाच्या शर्टाचा लागला.

तो उठून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. रडणं आलं नाही. हात त्याने पाण्याखाली धरले.

मग दुसरा प्रश्न आला, आणि तो पहिल्याहून वाईट होता. मला का सांगितलं नाही?

बुधवारी की गुरुवारी... बुधवारच. बुधवारी संध्याकाळी बहिणीकडे मुलाचा फोन आला होता. तो स्वतःहून फोन करत नाही, म्हणून लक्षात राहिला. काही नाही, सहज केला, तो म्हणाला होता. आवाज बसलेला होता. सर्दी असेल म्हणून मी विचारलंही नाही. मी विचारलं, पंप चालू आहे ना? हो. पंपाच्या जाळीतला कचरा काढलास? हो. आई कुठे आहे? आडवी झालीय. आत्ता? संध्याकाळी? मग पोरीकडे कोण बघतंय? आणि तिकडून काही येईना. इतका वेळ येईना, की फोन कट झाला समजून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग तो म्हणाला, मी बघतोय, अण्णा. आणि मी म्हटलं, बरं, साहेबाला जास्त खायला घालू नका.

सांगायलाच केला होता त्याने तो फोन. आणि पोरीकडे कोण बघतंय, असं ज्या स्वरात मी विचारलं, तो स्वर ऐकून त्याने गिळलं. दुपारी चारला पोरीकडे कोण बघत होतं हे त्याला माहीत होतं. ताठ खुर्चीत आता जी बसली आहे तीच. तेव्हा आरामखुर्चीत होती, आणि सहासष्टाव्या वर्षी दुपारी चारला माणसाचा डोळा लागतो, तसा तिचा लागला. एवढंच. या घरात एवढंच घडलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी एकदा तिने चुकून पंपाचं बटण बंद ठेवलं. दोन मासे मेले. त्यानंतर त्या दोन माशांचं त्याने किती वेळा ऐकवलं? पाहुण्यांसमोर, सुनेसमोर, सून घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात, थट्टेने, उदाहरण म्हणून, पंपाशी जाताना सहज. दर उन्हाळ्यात. दोन मासे. ज्या माणसाने दोन मेलेल्या माशांचं नऊ वर्षं ऐकवलं, त्याला जिवंत नातीचं कसं सांगायचं? तिघांनी एकत्र बसून ठरवलं असेल. बहुतेक मुलगाच म्हणाला असेल, अण्णांना नका कळू देऊ, ते आईला जगू देणार नाहीत. सून हो म्हणाली असेल. आणि ती... ती काहीच म्हणाली नसेल. मग त्यांनी तळं रेघेपर्यंत भरलं, झाकण ठेवलं, पाना टांगला, दाराला कडी लावली, कप्प्यात पांघरुणं कोंबली. पोरीभोवतालचं सगळं बदललं, फक्त माझ्या तळ्यावर जाळी तेवढी घातली नाही. घातली असती तर मी विचारलं असतं. मीठ मात्र घालायचं राहिलं. माझ्याच घरात वाढलेला मुलगा, रेघ लक्षात ठेवतो आणि मीठ विसरतो... की विसरला नाही? आपण तोंडाने सांगू शकत नाही ते थेंबांनी सांगावं म्हणून त्याने मीठ तसंच सोडलं का?

बघा. अजूनही संशयच. सकाळी मी शोधत होतो की हे सगळे माझ्यापासून काय लपवतात, आणि दुपारी कळलं की हे सगळे मिळून तिला माझ्यापासून लपवत होते. माझ्यापासून. साप साप म्हणून मी दिवसभर भुई धोपटत होतो, आणि घरातल्यांच्या लेखी सापही मीच होतो. हे दुखलं. सरळ सांगायचं तर, पोरगी वाचली या आनंदापेक्षा हे जास्त दुखलं, आणि तसं ते दुखलं याची लाज वाटली.

ऊन उतरल्यावर त्याने वही घेतली आणि पायरीवर बसला. आजची तारीख. थेंब: सोळा. पुढे 'कारण' असा रकाना आहे, तो त्याने स्वतःच आखलेला. चौदा वर्षांत तो रकाना त्याने कधी कोरा सोडलेला नाही की त्यात कधी खोटं लिहिलेलं नाही. पेन टेकवलं आणि उचललं.

बायको दाराशी आली. तिने डोक्यावरची कडी टाचा उंचावून काढली. भिंगरी तिच्या हाताखालून निसटून बागेत धावली, आणि बायकोच्या तोंडून एक आवाज निघाला, हाकेच्या आधीचा. तो ताडकन उठला होता. पोरगी तळ्याकडे न जाता सरळ त्याच्याकडे आली होती. तरी त्याने तिचं मनगट धरलं, गरजेपेक्षा घट्ट.

"आबा, दुखतंय."

त्याने पकड सैल केली, सोडली नाही. बायको पायऱ्या उतरून आली आणि वहीकडे पाहून थांबली.

"लागला का तुमचा शोध?" ती म्हणाली. आवाज हलका ठेवायचा तिचा प्रयत्न होता. "काय निघालं?"

सांगता आलं असतं. मला सगळं कळलंय, एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण ते म्हणताना आवाज कसा निघेल याची त्याला खात्री नव्हती. गेल्या बुधवारी फोनवर निघाला होता तोच निघाला तर?

"ऊनच होतं फार," तो म्हणाला. "आटलंच असणार."

ती बघत राहिली. तिला मीठ कळत होतं. अडतीस वर्षं आमटी उकळून घट्ट झाली की खारट होते हे जिला माहीत आहे, तिला नवऱ्याचं हे वाक्य कुठे चुकलं ते कळणारच होतं.

"बरं आहे ना तुम्हाला?" तिने विचारलं. "प्रवासाचा त्रास झाला का?"

"मला काय होतंय."

आणि हे बोलता बोलताच त्याच्या मनात आलं, की मी हिला सोडून देतो आहे, की आणखी एक नमुना बाटलीत भरून, बूच लावून, वेळ येईल तेव्हासाठी फळीवर ठेवतो आहे? आज गप्प बसलो. पुढच्या उन्हाळ्यात बसेन? नऊ वर्षांनी? कोणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या चांगुलपणावर कसा ठेवावा, हे त्याला कळेना.

तळ्याच्या काठाशी पाण्याची उंची मोजायची फूट-इंचांची पट्टी रंगवलेली काठी पाण्यात उभी असते. भिंगरीने दुसऱ्या हाताने ती उपटून घेतली, जमिनीवर टेकवली आणि तिला पाठ लावून ताठ उभी राहिली. उंची मोजून घ्यायचा हा तिचा आवडता खेळ. चार फुटांच्या खुणेपर्यंत काठी ओली होती. पोरीचं डोकं जिथे टेकलं तिथे तो वाकून पाहू लागला. तीन फुटांना एक इंच कमी. ओली रेघ तिच्या डोक्यावर तेरा इंच होती. नऊ हजार लिटर, सत्तावीस किलो, तीस थेंब, बावीस मिनिटं... या तळ्याची सगळी मापं मी घेतली होती. ही काठी चौदा वर्षं इथे होती आणि पोरगी तीन वर्षं घरात होती, आणि ही दोन मापं मी कधी शेजारी ठेवली नव्हती.

"मी केवढी?" भिंगरीने विचारलं. "आबा, सांग ना. केवढी?"

त्याने तोंड उघडलं. आकडा तयार होता, पण त्याने नुसता हात तिच्या डोक्यावर ठेवून बोट खुणेला लावलं.

"केवढी?" बायकोनेही विचारलं, हळूच. ती आता पोरीकडे पाहत नव्हती. काठीकडे, मग त्याच्या बोटाकडे, मग त्याच्या चेहऱ्याकडे, आणि तिथे तिची नजर थांबली. या माणसाला काही सांगता येईल का, आज, आत्ता, असं ती पाहत होती. ती नजर त्याच्या ओळखीची होती, नमुना तपासणाऱ्याची, फक्त तिच्यासमोर उभं राहायची वेळ त्याच्यावर यापूर्वी कधी आली नव्हती. मी हललो नाही. एक हात पोरीच्या डोक्यावर तसाच ठेवून, बायकोला माझा चेहरा नीट पाहता यावा म्हणून मी फक्त चष्मा काढला.